बाईंचं ‘पुन्हा’

सासूबाई गेल्या, पण त्यांचं ‘पुन्हा’ काही घरातून जायला तयार नव्हतं.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, जे ऐकलं ते सांगते. दुपारची जेवणं उरकून मी स्वयंपाकघरात आवराआवर करत असायचे आणि बाहेरच्या खोलीतून अगदी बारीक आवाजात यायचं, “पुन्हा.” रागावून नाही, चढवून नाही. त्या म्हणायच्या अगदी तसंच. ‘पु’ तोडलेला, ‘न्हा’ जरासा लांबवलेला आणि शेवटी श्वास आत घेतल्याचा बारीकसा आवाज. तो कानावर पडला की हातात जे काम असेल ते मी दुसऱ्यांदा करायला लागायचे. पुसलेला ओटा परत पुसायचे, घडी घातलेला टॉवेल मोडून परत घडी घालायचे. निम्मं काम झाल्यावर भान यायचं आणि माझी मलाच चीड यायची.

जाऊन बघावं तर खोलीत बाबा, म्हणजे माझे सासरे, खिडकीपाशी पेपर धरून बसलेले असायचे. शेजारी स्टँडवर सासूबाईंचा कीबोर्ड.

“बाबा, काही म्हणालात का?”

“मी? नाही बुवा.”

बाबांना एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं सोयीपुरतं येतं. त्यामुळे पुढे विचारण्यात अर्थ नसायचा.

सासूबाई गाणं शिकवायच्या. बाहेरच्या खोलीत संध्याकाळी मुलं जमायची आणि सगळी त्यांना बाई म्हणायची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, आपण सून म्हणून आलोय. आठवडाभरात कळलं की विद्यार्थिनी म्हणून आलोय. मला गाता येतं हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. झालं, मुलं गेली की माझी शिकवणी सुरू. एक ओळ म्हणायची की “पुन्हा.” ती म्हटली की परत “पुन्हा.” शाबासकी त्यांनी कुणालाच दिली नाही, तेव्हा ती मला मिळाली नाही याचं दुःख करण्यात अर्थ नाही. पण बाकीच्यांना निदान “चल पुढे” तरी मिळायचं. काल आलेल्या शेंबड्या पोराला मिळायचं. मला ते कधी मिळालं नाही. त्या गेल्या तेव्हाही मी त्याच ओळीवर अडकलेली होते.

त्यांच्यामागे वर्ग मी चालवायला घेतला. मुलांना सूर चांगला कळतो, त्यामुळे त्यांनी लगेच ओळखलं की नव्या बाईंचा आवाज बारीक आहे. मागे बसणाऱ्यांना ऐकू जात नाही, अशी तक्रार आली. दोन मुलं यायची थांबली. म्हणून मी माइक घ्यायचं ठरवलं. निदान सगळ्यांना मी तसं सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. त्या खोलीत मला माझा आवाज इतका भरून टाकायचा होता की तिथे दुसऱ्या कुठल्या आवाजाला पाय ठेवायला जागा उरू नये. मला त्या ‘पुन्हा’पासून सुटका हवी होती, बाकी काही नाही.

“ब्लूटूथचा घे. वायरची कटकट नको,” आमचे हे म्हणाले. यांना कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर वायर नसलेलंच असतं.

बाबा मात्र काळजीत पडले. “माइक लाव, पण कीबोर्ड बंद करू नकोस,” ते म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचंच. कीबोर्डची वायर भिंतीत जिथे जात होती तिथल्या पिनेवर आणि बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावून ठेवली होती, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. एवढंच नाही, सासूबाई गेल्यावर त्यांनी यांच्या मागे लागून तो इन्व्हर्टरवर घ्यायला लावला. वीज गेली की आमचा फ्रिज बंद, पंखे बंद, दूध नासलं तरी चालेल, पण कीबोर्डच्या पडद्यावरचा हिरवा आकडा आपला चालूच. यावरून मी पुष्कळ डोकेफोड केली होती.

“अगं, जुनं यंत्र आहे,” बाबा म्हणायचे. “एकदा बंद पडलं की परत चालू होईल याचा भरवसा नाही. डॉक्टर माझ्याबद्दलही असंच म्हणतात.”

असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार?

वाद्यांच्या दुकानातला माणूस चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा गल्ल्यात शोधत होता. मी सांगितल्यावर तो त्याला सापडला. मी कीबोर्डच्या पाठीचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला आणि काचेच्या कपाटातल्या एका ऐटबाज माइककडे बोट केलं.

“तो घेऊ नका. दिसायला राजा आहे, पण त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते. तुमचा कीबोर्ड ती देत नाही. नुसता मुका बसेल.”

“मग बिनवायरचा?”

“भाषणाला उत्तम. पण हा जो आहे ना, याच्यातून तुम्ही गाल आत्ता आणि आवाज येईल किंचित मागून. मुलं कुणाबरोबर गाणार, तुमच्याबरोबर की त्याच्याबरोबर?”

बारीक पिनेचा एक स्वस्तातला होता. तोही त्यानं बाजूला सारला. ती पिन मोबाईलमधली गाणी कीबोर्डवर वाजवायच्या भोकात जाते, तिथे माइकचा आवाज अगदी मुंगीएवढा येतो, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं खालच्या खणातून एक काळा, जड, जाळीच्या डोक्याचा माइक काढला.

“हा न्या. साधा आहे, याचे काही नखरे नाहीत. जाड पिन, ती थेट तुमच्या माइकच्या भोकात. तोंडाजवळ धरायचा आणि गायचं. बघा बोलून.”

त्यानं तो दुकानातल्या एका कीबोर्डला जोडून माझ्या हातात दिला. काय बोलावं ते सुचेना. सगळे म्हणतात तसं हॅलो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“पुन्हा.”

दुकानदारानं मान वर केली ती माझ्याकडे नाही, दाराकडे बघायला. मग ओशाळून हसला.

“बाई आल्या असं वाटलं एकदम.”

मला ते मुळीच आवडलं नाही. मी माइक त्याच्या हातात परत दिला आणि बांधून द्या म्हटलं.

“बाईंसाठीही नेला होता की एक,” वायर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला. “त्यांचं आजारपण चालू होतं तेव्हा. छोटासा. तुमचे सासरे आले होते न्यायला.”

“आमच्याकडे माइक नाही.”

“नेला होता,” तो म्हणाला, पण गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून विषय बदलला. “एक सांभाळा. माइकचं भोक आणि हेडफोनचं भोक शेजारी-शेजारी आहे, मापही एकच. चुकून हेडफोनमध्ये घातलात तर बिघडत काही नाही, पण गाडी उलटी चालते. कीबोर्डचा स्वतःचा आवाज बंद होतो आणि माइक ऐकायच्या ऐवजी बोलायला लागतो.”

मी मान डोलावली. लक्ष कुणाचं होतं? माझ्या डोक्यात तो छोटासा माइक बसला होता. बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांना माइक कशाला लागला असेल?

घरी आले तर बाबा केस कापायला गेले होते. मला बरंच वाटलं. वर्ग सुरू व्हायला वेळ होता, तेवढ्यात जोडून बघू म्हटलं.

कीबोर्ड भिंतीला चिकटून उभा. स्टँड ओढला असता तर वायर ताणली गेली असती आणि बाबांची चिकटपट्टी निघाली असती, म्हणून मी मागे हात घालून बोटांनीच चाचपडलं. जाड पिनेचं एक भोक लागलं. पिन ढकलली, टक्कन आवाज झाला, घट्ट बसली. माइकचं बटण वर सरकवलं.

“हॅलो.”

काही नाही. कीबोर्डवरचा आवाजाचा खटका पूर्ण वर नेला. काही नाही. पट्ट्या दाबल्या तर त्याही मुक्या. आता आणखी हे निस्तरा, असं म्हणत मी माइक कानाशी धरला, निदान आत काही गुणगुणतंय का ते बघायला. दुसरा हात अजून पट्ट्यांवरच होता. त्याचं एक बोट दाबलं गेलं.

“पुन्हा.”

खोलीतून नाही, दारातून नाही. माझ्या कानात. इतक्या जवळून त्या हयातीतही कधी बोलल्या नव्हत्या. ‘न्हा’ लांबला, संपला, आणि शेवटी श्वास आत गेला.

माइक हातातून पडला आणि हाताला जी वायर लागली ती मी सगळा जीव एकवटून ओढली. ती भिंतीतली होती. चिकटपट्टी फाटली, पिन खाली आपटली आणि हिरवा आकडा विझला. खोलीत एकदम शांत झालं. आणि खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. गेलं एकदाचं, असं मनात आलं.

मी वळले तर दारात बाबा. मानेवर न्हाव्याची पावडर तशीच. ते माझ्याकडे बघतच नव्हते, काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत होते.

“बंद केलास?”

“बाबा, त्यात कुणीतरी,” मी कीबोर्डकडे बोट केलं.

“ती होती त्यात,” बाबा म्हणाले आणि आपल्या खुर्चीत बसले.

मग त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवसांत सासूबाईंचा आवाज बसत चालला होता, तरी वर्ग घ्यायची खुमखुमी होतीच. मुलाचं चुकलं की हाक मारायलासुद्धा घशातून सूर निघेना. या कीबोर्डमध्ये माइकमधून आवाज भरून घ्यायची सोय आहे आणि तो मग पट्टी दाबली की वाजतो, हे त्यांना ठाऊक होतं. मावतं फक्त एका श्वासाएवढं. त्यांनी बाबांना माइक आणायला पिटाळलं आणि चांगल्या घशाचा एक दिवस बघून एकच शब्द भरून ठेवला. तो वर्गात वापरायची वेळ काही आली नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्या अंथरुणाला खिळल्या.

“वीज तुटली की भरलेलं पुसलं जातं,” बाबा म्हणाले. “सेल घालायची जागा केव्हाच गंजून गेली आहे. म्हणून ती चिकटपट्टी. तू आत असलीस की मी एखाद्या वेळी दाबायचो. तुला त्या शब्दाचा तिटकारा आहे हे मला दिसत होतं, म्हणून आवाज बारीक ठेवायचो. मला वाटायचं, मलाच जेमतेम ऐकू येतंय तर तुला आत काय येणार. आज तू दुकानात गेल्यावर दाबलं, तो आकडा तसाच राहिला.”

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं पिन परत भिंतीत घातली. आकडा उजळला. मी पट्टी दाबली तर साधा, कोरा, नुकता खोक्यातून काढल्यासारखा सूर वाजला. तो आवाज ज्या आकड्यावर भरला होता, तो बाबांनी मला सांगितला. तो लावला तर पडद्यावर नुसती आडवी रेघ आली, पट्टी दाबली तर काहीच नाही. मी सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. कुठेही सासूबाई नव्हत्या. ज्या आवाजापासून पळायला मी माइक आणला होता, तोच आवाज मी त्या खोलीत वेड्यासारखी शोधत होते, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

“बाबा, मला काय माहीत? एका शब्दानं सांगायचंत तरी.”

“सांगायला हवं होतं,” बाबा म्हणाले. “चुकलं म्हणूनच ती तुला पुन्हा म्हणते, असं तुला वाटायचं. कधी असेलही तसं. पण कधी कधी तिला नुसतं परत ऐकायचं असायचं. मी आतल्या खोलीत असायचो ना, मला दिसायची. डोळे मिटून बसलेली असायची. हे ती तोंडानं कबूल थोडीच करणार?”

ते खरं होतं की माझी समजूत घालायला म्हणाले, देव जाणे.

मी पिन योग्य भोकात घातली. या वेळी स्टँड नीट ओढून, डोळ्यांनी बघून. बोलून पाहिलं तर माझा आवाज खोलीभर झाला. बाबा उठून कीबोर्डपाशी आले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या एका बटणावर बोट ठेवलं.

“हे दाबलं की भरून घेतं. तू म्हण.”

“बाबा, माझा आवाज त्यांचा कसा होईल?”

“शब्द तर तिचाच आहे.”

मला ते नको होतं. मेलेल्या माणसाच्या जागी जाऊन बसल्यासारखं वाटत होतं. पण त्यांचं बोट बटणावरून हलत नव्हतं. मी माइक तोंडाशी धरला. त्यांनी बटण दाबलं आणि मी म्हटलं. त्यांनी पट्टी दाबून आपला बरा कान कीबोर्डच्या जाळीजवळ नेला आणि मान हलवली.

“घाई केलीस. पुन्हा.”

म्हणून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी परत म्हटलं, ‘न्हा’ जरा लांबवून. या वेळी शब्द पूर्ण भरला, पण त्याच्यापुढे जागा संपली. वाजवल्यावर तो ‘न्हा’पाशी कापल्यासारखा थांबत होता.

“शेवटचा श्वास नाही मावला,” बाबा म्हणाले. “असू दे. राहू दे असाच.”

त्या संध्याकाळी वर्ग झकास झाला. मागच्या रांगेतल्या पोरांची कुजबुज बंद पडली, एका मुलाच्या आईनं बाहेरून ऐकून मान डोलावली. खोली माझ्या आवाजानं भरून गेली होती, मला हवी होती तशी. आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं. प्रत्येक ओळ संपली की मी नकळत थांबत होते, आणि काही येत नव्हतं. मुलांना वाटलं, नव्या बाई दम घेतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात वाळलेले टॉवेल घड्या घालत बसले होते. बाबा पाणी प्यायला आत आले. ओट्याला टेकून घोट घोट पीत होते. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं, दाराला कडी होती, हे कामावर गेलेले. मी एका टॉवेलची घडी घालून तो बाजूला ठेवला.

“पुन्हा.”

बारीक, न चढवलेला. बाबांचा पेला ओठांपाशी थांबला.

“ऐकलंस?” ते म्हणाले. एका कानाचा माणूस मला विचारत होता.

“हो.” मी म्हटलं. “वायर हलली असेल. काल भरलेला माझाच आवाज वाजला असेल आपोआप.”

बाबांनी पेला हळूच ओट्यावर ठेवला.

“तुझ्या आवाजाला शेवटी श्वास नाही,” ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही बाहेर जाऊन बघितलं नाही. मला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण पळावंसं वाटत नव्हतं आणि चीडही आली नव्हती. मी तो टॉवेल उचलला, घडी मोडली, कोपऱ्याला कोपरा लावून, सावकाश, पुन्हा घातली. मग हात मांडीवर ठेवून कान देऊन बसले. बाबाही बरा कान दाराकडे करून उभे होते.

बाहेरून काही आलं नाही. बराच वेळ आम्ही वाट पाहिली, तरी आलं नाही. मग बाबांनी वाकून ढिगातला पुढचा टॉवेल उचलला आणि माझ्या हातात दिला.